चौदा लाखांचा आकडा आणि अल्पविश्वासाचा ठपका

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका गावातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदारांनी हे पत्र लिहिले आहे. मंडळीत ३४ कुटुंबे आहेत. चर्च शंभरीच्या घरातले, भिंती १८ इंची चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौले, आतून माप ५० फूट × २६ फूट. मृगाच्या वादळात आवारातल्या आंब्याची मोठी फांदी छपरावर कोसळली. उत्तरेच्या पाख्यावरची (छपराच्या उतारावरची) साधारण एक तृतीयांश कौले फुटली, एक कैची (छपराचा भार पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा) खचली. उत्तरेची भिंत वरच्या टोकाला २ इंच बाहेर कललेली दिसते आणि कोपऱ्यात बोट शिरेल एवढी भेग आहे. विमा नाही. ठेकेदाराने दिलेला अंदाज असा: छप्पर (सगळी कौले नवी, ३,२०० नग) ५.४० लाख, भिंत २.१० लाख, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा ३.३० लाख, फरशी आणि रंग २.४० लाख, वायरिंग १ लाख, एकूण १४.२० लाख. बँकेत १.९० लाख आहेत. ज्येष्ठ पंच म्हणतात, "देव पुरवील, कामाला हात घाला." तरुण संघाला त्याच भिंतींवर स्लॅब हवा आहे. एक हितचिंतक ६ लाख व्याजाने द्यायला तयार आहेत, तर दुसरे रस्त्यालगतची जागा २९ वर्षांच्या भाड्याने देऊन टाका म्हणतात. पंचांच्या सभेत पत्रलेखकांनी "पैसे कुठून आणायचे?" एवढेच विचारले, तेव्हा त्यांना ऐकावे लागले की त्यांचा विश्वास कमी पडतो आहे. ते विचारतात: "मी खरोखरच अल्पविश्वासी आहे का? आणि नाताळची उपासना आमच्या चर्चमध्ये होईल का?"

सलाम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी थोड्या वेळाने येतो, कारण पाऊस आपल्यासाठी थांबलेला नाही. पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे, "सध्या फुटक्या भागावर प्लास्टिक टाकले आहे." आधी त्याबद्दल.

चर्चचा मेन स्विच बंद करा. भिजलेल्या जुन्या वायरिंगखाली कुणी बादली घेऊनही उभे राहू नये. मग छपरावर चढण्याआधी खालून कैचीला टेकू द्या. लोखंडी प्रॉप भाड्याने मिळतात. खाली जाड फळी, वर फळी आणि मध्ये प्रॉप, हाताने फिरवून घट्ट होईल तेवढाच. घण मारून कैची जागेवर "उचलायचा" प्रयत्न करू नका, त्यात शाबूत सांधाही फाटतो. कललेल्या भिंतीला तिरके टेकू बाहेरून लागतात. त्यांचे पाय जमिनीत फळीवर रुतवायचे, नाहीतर ओल्या मातीत ते घसरतात. ही दोन्ही कामे जुनी घरे हाताळलेल्या सुतार-गवंड्याकडूनच करून घ्या, तरुण संघाच्या उत्साहावर सोडू नका.

ताडपत्री २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची), साधारण २४ × ३० फुटांची घ्या. ती फुटक्या जागेपुरती टाकली तर पाणी वरच्या काठातून आत शिरते आणि ताडपत्रीखालूनच वाहते. म्हणून ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर निदान ४-५ फूट उतरली पाहिजे. काठ लाकडी पट्टीत गुंडाळून ती पट्टी वाशाला ठोका. दगड, टायर ठेवू नका; वाऱ्यात तेच घसरून उरलेली कौले फोडतात. आणि त्रिकोणी भिंतीतल्या झरोक्यांवर ताडपत्री येऊ देऊ नका. हवा कोंडली की दोन महिन्यांत लाकडाला बुरशी धरते.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या आजच कुणाच्या तरी कोरड्या घरी न्या. भिजल्या असतील तर उन्हात टाकू नका, पाने सुरकुततात आणि शाई फिकी पडते. दर काही पानांत टिपकागद किंवा कोरा कागद घालून पंख्याखाली सुकवा, कागद दिवसातून दोनदा बदला. या वह्या पुढे तुमच्या कामी येणार आहेत, ते कसे हेही सांगतो.

आता नुकसानाबद्दल. तुम्ही लिहिता की वादळाने चर्च मोडले. मला तसे वाटत नाही, आणि हा फरक पैशांच्या दृष्टीने मोठा आहे. फांदीने कौले फुटतात, रीपा मोडतात, एखादा वासा तुटतो. पण भिंत बाहेर कलते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. कैचीची खालची आडवी तुळई दोन्ही भिंतींना आतून धरून ठेवते. तिची टोके भिंतीत पुरलेली असतात, आणि आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत ती सिमेंटने लिंपलेली असली तर तिथे ओल बसते, टोक कुजते, वाळवी लागते. मग कैचीचे पाय फाकतात आणि भिंतीला बाहेर ढकलतात. हे वर्षानुवर्षे चालते, फांदी फक्त शेवटचा धक्का देते. एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि भिंतीलगत प्रत्येक कैचीच्या टोकाला टोचून पाहा. शाबूत सागात तो पाव इंचही शिरत नाही, कुजलेल्या लाकडात मुठीपर्यंत जातो. एक कैची खचली म्हणून एकच दुरुस्त केली आणि बाकीच्यांची टोके तशीच राहिली, तर पाच वर्षांनी तुम्ही याच जागी असाल.

भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. ओळंबा सोडून दर रविवारी कल मोजा आणि वहीत लिहा. १८ इंची भिंत वरच्या टोकाला २ इंच कलली म्हणून ती पाडायची वेळ आली असे होत नाही. आकडा ३ इंचांकडे सरकू लागला किंवा काच फुटली, तर मात्र आवार बंद करून त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी तुम्हाला जास्त वाटेल. तरी हातातल्या १.९० लाखांतला पहिला खर्च टेकू आणि ताडपत्री, आणि दुसरा ही फी. ठेकेदाराचा अंदाज हे निदान नसते. तो जे विकतो त्याची ती यादी असते, त्यात त्याचा अप्रामाणिकपणा असेलच असेही नाही.

तरुण संघाला स्लॅब का हवा, ते मला कळते. दरवर्षी कौले चाळायचा त्रास त्यांनीच काढला आहे. पण त्यांच्यापुढे हा हिशेब ठेवा. तुमच्या छपराला अंदाजे २,९०० कौले लागतात (चौरस मीटरला १५), एक कौल अडीच किलोचे धरले तर सगळी मिळून सव्वासात टन. त्याच भिंतींवर ५ इंची स्लॅब टाकला तर तो ४० टनांहून जड होईल, शिवाय २६ फुटांच्या गाळ्याला तुळया लागतील त्यांचे वजन वेगळे. चुन्यात बांधलेली, आधीच कललेली चिऱ्याची भिंत हे पेलणार नाही. त्यासाठी खाली पायापासून कॉलम हवेत, म्हणजे ती दुरुस्ती उरतच नाही, नवे बांधकाम होते. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांच्या) परवानग्यांचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. पाया तोच ठेवून केलेली दुरुस्ती आणि पाडून नव्याने बांधणे, या दोन गोष्टी सरकारी कागदावर एक नाहीत. खाऱ्या हवेत स्लॅबची सळई गंजते आणि काँक्रीट खालून पडू लागते, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावे लागत नाही. पत्र्याचेही तसेच. तो सगळा मिळून एक टनही भरत नाही, म्हणून वादळात उचलला जातो. कौले जड आहेत हाच त्यांचा गुण आहे. वळचणीच्या आणि दोन्ही कडांच्या शेवटच्या तीन ओळी तारेने रीपेला बांधल्या तर ती बऱ्याच वाऱ्याला पुरतात.

आता ते १४.२० लाख. तुम्ही हा एकच आकडा धरून त्याला ३४ ने भागले, ४१,७६५ रुपये आले आणि तिथेच तुमचा धीर सुटला, असे पत्रावरून दिसते. पण हा आकडा एक नाही. गिलाव्याचे ३.३० लाख यंदा नकोतच, आणि सिमेंटचा गिलावा तर कधीच नको. चिरा ओल घेतो आणि सोडतो. वर सिमेंट बसले की ओल आत अडकते, तिच्यातले मीठ पृष्ठभागाशी येऊन साचते, भिंतीला लोणा लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्याने सुटतो. चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या दरजा चुन्याने भरा, १ भाग विरलेला चुना, ३ भाग नदीची वाळू. खाडीची वाळू नको. चिमूटभर जिभेवर ठेवली तरी तिचा खारटपणा कळतो. कळीचा चुना विरवून निदान दोन आठवडे पाण्याखाली ठेवावा लागतो, आणि विरवताना तो उकळून उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि मुलांना दूर ठेवणे आवश्यक. फरशी आणि रंगाचे २.४० लाखही थांबू शकतात. उरले ८.५० लाख.

त्यातही छपराची ३,२०० नवी कौले कशाला? उत्तरेच्या पाख्यावर फुटली ती ५०० च्या आसपास असतील. सगळे छप्पर उतरवताना आणखी २५०-३०० जातील. प्रत्येक कौल बोटाने वाजवा. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर बाजूला काढा. काथ्याच्या ब्रशने शेवाळ घासा. ८०० नवी कौले घेतली तर भागेल. इथे एक फसगत नेहमी होते: नव्या कारखान्याच्या कौलाची खाच जुन्याच्या खाचेत बसत नाही आणि प्रत्येक सांध्यातून पाणी येते. म्हणून जुनी-नवी मिसळू नका. दक्षिणेचा पाखा पूर्ण जुन्या कौलांचा करा, नवी उत्तरेला एका बाजूला सलग लावा, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या एकाच रेषेखाली गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी घाला. रीपांचे अंतर सुताराच्या सवयीने ठरवू नका. विकत आणायच्या कौलांपैकी दहा एकाखाली एक अडकवून आधी ताणून, मग दाबून मोजा आणि मधले माप घ्या.

कैच्यांची टोके बदलताना कुजलेला भाग कापून शाबूत लाकडापर्यंत मागे यावे लागते, बहुधा दीड-दोन फूट. नवा वाळलेला सागाचा तुकडा दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांत धरून बोल्टने जोडतात. पट्टीची जाडी आणि बोल्टची संख्या इंजिनिअरच ठरवील. पट्ट्या गॅल्व्हनाइज्ड हव्यात. टोक दगडी बैठकीवर ठेवायचे आणि भोवती इंचभर मोकळी हवा सोडायची, गवंडी कितीही म्हणाला तरी ती फट बुजवायची नाही. पडलेल्या आंब्याचे लाकूड छपराला वापरू नका, त्याला भुंगा लवकर लागतो. भेग शिवताना दर दोन-तीन थरांआड एक लांब चिरा दोन्ही बाजूंना धरून आडवा बसवतात. पण हे सगळे कैच्या बांधल्यावर. ढकलणारा हात तसाच ठेवून भेग भरण्यात अर्थ नाही.

जुन्या इमारतीत उघडल्यावर काहीतरी निघतेच, म्हणून १५ टक्के राखीव धरा. म्हणजे पावणेदहा लाखांच्या आसपास, आणि कौले वाचली तर त्याहूनही कमी. हातातले वजा करता सुमारे ७.८५ लाख जमवायचे आहेत, आणि तेही एका दिवसात नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्यावर जो ठपका ठेवला गेला त्याचे दुःख पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे, आणि मला तो ठपका अन्यायाचा वाटतो. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूच्याच तोंडचे आहे, लूक १४:२८. ते वाक्य शिष्यत्वाच्या किमतीबद्दल आहे हे खरे, पण दाखला म्हणून त्याने शहाणा माणूस निवडला तो हिशेब करणारा. दुसरे राजे, अध्याय १२ तर पंचांच्या पुढच्या सभेत मोठ्याने वाचून घ्या. मंदिराची मोडतोड दुरुस्त करायची आज्ञा झाली होती, पैसा येत होता, तरी राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत काम झालेच नव्हते. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत, आणि तो सुतार, गवंडी, पाथरवट यांच्यापर्यंत पोचवला जाई. भक्ती कमी होती म्हणून काम अडले असे तिथे म्हटलेले नाही. जमा आणि खर्च यांची वाट नीट लावल्यावर ते सुरू झाले.

पण ज्येष्ठ पंचांबद्दलही एक विचार करा. "देव पुरवील" हे वाक्य त्यांनी तुम्हाला गप्प करायला म्हटले, असे तुम्ही धरून चालला आहात. ज्यांचा बाप्तिस्मा त्या छपराखाली झाला, ज्यांच्या आईवडिलांच्या शवपेट्या त्याच दारातून निघाल्या, त्यांना ताडपत्रीखालचे चर्च पाहून काय होत असेल? कदाचित ते आकड्यांना भीत असतील आणि तुम्ही नेमका आकडाच पुढे केलात. सभेआधी त्यांच्या घरी जा. एकूण रक्कम सांगू नका, पहिला टप्पा सांगा: टेकू, ताडपत्री, इंजिनिअर, आणि त्यासाठी पैसे आहेत. "काम सुरू झाले आहे," हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. विश्वासाने पाऊल टाका म्हणणारा आणि पाऊल कुठे पडते ते पाहणारा, मंडळीला दोघेही हवेत.

कर्ज आणि भाडेपट्टा, दोन्हींवर मी ठामपणे सांगतो: तोंडी होकारही देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अ नुसार विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही, मग ते हितचिंतकाकडून असले तरी. कलम ३६ नुसार बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही ती मंजुरी लागते. २९ वर्षे तर फारच दूर. शिवाय ती जागा नेमकी कुणाच्या नावे आहे? मिशनच्या काळातल्या कितीतरी चर्चच्या जमिनी स्थानिक मंडळीच्या नावे नसून वरच्या संस्थेच्या ट्रस्टच्या नावे असतात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा काढा, आणि पाळकसाहेबांमार्फत वरच्या संस्थेला लेखी कळवा. मोठ्या दुरुस्तीला त्यांची संमती लागत असेल, आणि त्यांच्याकडे दुरुस्तीचा निधी असेल तर तोही विचारल्याशिवाय मिळत नाही.

७.८५ लाख ३४ घरांत सारखे वाटू नका. मासळीवर पोट असलेल्या घराला पावसाळ्यात उत्पन्न नसते, आणि निवृत्त शिक्षकाला दर महिन्याला पेन्शन येते. बंद पाकिटात प्रत्येकाने १८ महिन्यांत दरमहा काय देता येईल ते लिहावे. आकडा फक्त तुम्ही आणि आणखी एकाने पाहावा, वेदीवरून कुणाचेही नाव किंवा रक्कम वाचू नये. ज्याला काही जमत नाही त्याने तसे लिहायचीही मोकळीक हवी. कबूल केलेला पैसा जमा झालेला धरू नका. पुढच्या टप्प्याची रक्कम बँकेत आल्यावरच त्या टप्प्याचा माल मागवा.

आणि त्या नोंदवह्या. गेल्या ५०-६० वर्षांतल्या बाप्तिस्म्यांची नावे उतरवून काढा. त्यांतली निम्मी माणसे आज मुंबई-पुण्यात असतील. चाकरमानी माणूस गावच्या घराइतकाच गावच्या चर्चशी बांधलेला असतो, फक्त त्याला कुणी पत्र लिहिलेले नसते. पत्रात "मदत करा" एवढेच लिहू नका. एक कैची, शंभर कौले, एक गोणी चुना असे मागा आणि सोबत फोटो पाठवा. परदेशातल्यांबाबत एक सावधानता: भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याचा पैसा एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीशिवाय घेता येत नाही. तो कुणा नातेवाइकाच्या खात्यातून फिरवूनही घेऊ नका. करसवलतीची ओळ पावतीवर छापायची तर तशी नोंदणी आधी हाती हवी.

दर रविवारी दोघांनी मिळून मोजणे, प्रत्येक नोटेची पावती, आणि पडवीत एक फळा, आजवर जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. उपकारस्तुतीच्या सणाला नारळ, सुपारी, कोकम आणि नव्या तांदळाचा लिलाव होत असेल तर यंदाची रक्कम याच फळ्यावर चढवा.

ठेकेदाराला ठोक रकमेवर काम देऊ नका. कौलाला नगावर, लाकडाला घनफुटावर, दरजांना चौरस फुटावर दर लिहून घ्या. आगाऊ १० टक्के, पुढची बिले मोजमाप झाल्यावर, आणि शेवटचे १० टक्के पुढचा पावसाळा संपल्यावर. छपराची खरी परीक्षा तीच. श्रमदानात कौले उतरवून घेणे, वाजवणे, घासणे, रचणे आणि कामगारांचे जेवण एवढे ठेवा. तुमच्या महिला मंडळाने पाळी लावून जेवण दिले तर मजुरीत फरक पडतोच, गवंडीही वेळेवर येतो. वाडीतली इतर धर्मांची माणसे बांबू, वासे घेऊन आली तर संकोच करू नका, त्यांच्या देवळाचे छप्पर गळेल तेव्हा तुम्ही जालच. छपरावर चढणे आणि वायरिंग मात्र श्रमदानात नको.

नाताळबद्दल: ऑक्टोबरच्या उन्हात छप्पर उतरवले आणि तोवर सागाचे लाकूड वाळलेले मिळाले, तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत कैच्या आणि कौले होऊ शकतात. भिंतीचे चुन्याचे काम नाही. ते नाताळसाठी घाईत उरकले तर चुना वरवर सुकतो आणि आत भुसभुशीत राहतो. ते जानेवारी-फेब्रुवारीत, रोज गोणपाट ओले ठेवून करा. तारीख आत्ताच जाहीर करू नका. इंजिनिअरने लेखी होकार दिला तर उपासना आत घ्या. नाहीतर दक्षिणेच्या अंगणात, भिंतीपासून निदान २० फूट दूर मांडव घाला, बाके बाहेर काढा आणि घंटा नेहमीच्या वेळेला वाजवा.

तोवर रविवारची उपासना घरोघरी आळीपाळीने चालू ठेवा. पहिली पाळी त्या ज्येष्ठ पंचांच्या घरी असू द्या, आणि उपासनेनंतर दुसरे राजे, अध्याय १२ वाचायला त्यांनाच सांगा.